साडेसहाचा काळोख

परवा बाजारात वालाच्या शेंगा दिसल्या. हिरव्यागार, पोटुशा, ओल्या गोणपाटावर ओतलेल्या. शेजारी भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या. मी नुसती एक जुडी उचलून नाकाशी धरली, तशी शेंगावाली म्हणाली, "वास कशाला घेतेस बाय, घरी ने आनि पोपटी लाव." मी हसले आणि शेंगा घेतल्या. लावणार कुठे? चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत शेंगांचं मडकं उलटं घालून भोवती जाळ केला तर सोसायटीची तातडीची सभा भरेल.

पण तो उग्र, ओव्यासारखा वास हाताला दिवसभर राहिला आणि त्याच्या मागोमाग दहावीचा हिवाळा आला. मला बाकी वर्षांचे हिवाळे वेगळे काढता येत नाहीत. ते सगळे एकाच स्वेटरच्या घडीत गेले आहेत. तो एक मात्र वेगळा आहे.

दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. नवीन पनवेलचे सेक्टर आखून झाले होते, पण भरले नव्हते. दोन इमारती, मग एक मोकळा प्लॉट, कमरेएवढं गवत, मग अर्धवट बांधलेली एखादी बिल्डिंग, जिच्या खिडक्यांना चौकटी नव्हत्या. वाळूच्या ढिगावर कुत्री झोपलेली. घराघरात फोन होते, पण ते एकाच जागी बसणारे, लोकरीचं झाकण घातलेले, आणि फोन आला की अख्खं घर ऐकायचं. त्यामुळे आम्हा मुलींचं सगळं महत्त्वाचं बोलणं रस्त्यावरच व्हायचं. शाळेतून येताना, क्लासला जाताना, जिन्यात, कुंपणाला टेकून. कोणाच्या ताईचं लग्न मोडलं, कोणाला चष्मा लागला, कोणाच्या आईनं वेणीऐवजी पोनी बांधू दिली. आमचं राज्य ते एवढंच, इमारतीच्या फाटकापासून क्लासच्या जिन्यापर्यंत.

क्लास पाटकर सरांचा, गणित आणि विज्ञानाचा. तो पिठाच्या गिरणीवर होता. खाली गिरणी सुरू झाली की आमच्या बाकांना बारीक थरथर जाणवायची आणि डिसेंबरात बाजरीचा ऊनऊन वास जिन्यातून वर यायचा. भूमितीची प्रमेयं मला अजूनही बाजरीच्या वासासकट आठवतात. क्लास साडेसहाला सुटायचा. पावसाळ्यात, दिवाळीच्या आधी, साडेसहा म्हणजे उजेड असायचा. मार्गशीर्ष लागला आणि साडेसहाला रात्र व्हायला लागली.

आम्ही तिघी एका वाटेच्या. मी, नाझनीन आणि भारती.

नाझनीन माझ्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. बारीक अंगाची, अक्षर मोत्यासारखं, आवाज इतका हळू की सरांना तिच्या बाकापाशी वाकून उत्तर ऐकावं लागे. भारती मूळची उरणजवळच्या करंज्याची. वडिलांची तिथे होडी होती. आठवीपासून ती शिकायला आत्याकडे नवीन पनवेलला राहिली होती. आत्या मच्छी मार्केटात बसायची. भारतीचा आवाज म्हणजे एक प्रकरण होतं. लहानपणापासून बापाबरोबर बंदरावर लिलाव ऐकलेला, वाऱ्यात आणि इंजिनाच्या धडधडीत बोलायची सवय. वर्गात तिनं शेजारणीला कानात काही सांगितलं तरी फळ्यापाशी ऐकू जायचं. "मी हाय ना", "मला नाय येत" असं ती बोलली की मागच्या बाकावरून नक्कल व्हायची. ती हसण्यावारी न्यायची, पण हळूहळू वर्गात तोंड उघडेनाशी झाली होती. माझी आई चांगली बाई, पण तीसुद्धा एकदा म्हणाली होती, "पोरगी गुणाची आहे, पण आवाज जरा जास्तच आहे नाही मुलीच्या मानानं?"

मुलीच्या मानानं. आम्हाला तेव्हा सगळंच त्या मानानं मोजून मिळायचं. हसणं, खाणं, धावणं, बाहेर राहणं.

त्या संध्याकाळी आम्ही मोकळ्या प्लॉटांच्या बाजूनं येत होतो. रस्त्याला दिव्याचे खांब होते, पण दिवे नव्हते. मागून मोटारसायकल आली. दोघं जण होते. गाडी आमच्या बाजूला सरकली, मागच्यानं हात लांब करून नाझनीनची ओढणी ओढली आणि गाडी तशीच पुढे गेली. ओढणीला गाठ मारलेली होती. नाझनीन फरफटत दोन पावलं गेली आणि पडली. ओढणी फाटून अर्धी त्यांच्या हातात गेली. हसण्याचा आवाज आला. मग लांब जाणारा लाल दिवा.

आम्हा तिघींपैकी कोणीही ओरडलं नाही. भारतीसुद्धा. मला याचं अजून आश्चर्य वाटतं. ज्या मुलीची हाक दुसऱ्या होडीवर ऐकू जायची, तिच्याही तोंडून शब्द फुटला नाही. आम्ही नाझनीनला उठवलं. कोपर सोलवटलं होतं. मी माझी ओढणी तिला दिली आणि वर स्वेटरची बटणं लावून घेतली. इमारतीच्या फाटकाशी आल्यावर ती पहिल्यांदा बोलली, "घरी नका सांगू. माझा क्लास जाईल."

तिनं कारण सांगायची गरजच नव्हती. आम्हा दोघींनाही ते ठाऊक होतं. गुन्हा कोणाचाही असो, घरात बसणार आम्ही.

पण कोपर किती दिवस लपणार? चार दिवसांनी तिच्या अम्मीला ते दिसलं आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही घरांत कळलं. नाझनीनचा क्लास बंद. माझे बाबा कधी रागावायचे नाहीत. ते माझ्या खोलीत आले, टेबलावरचं पुस्तक उगाच सरळ केलं आणि म्हणाले, "सुमे, राहिलंय किती आता? घरीच कर अभ्यास. अडलं तर मी आहे." बाबांना गणित येत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

भारतीचं सगळ्यात वाईट झालं. आत्या म्हणाली, "भावानं माझ्या भरवशावर पोर ठेवलीय. उद्या काय झालं तर मी त्याला तोंड कसं दाखवू? परीक्षेपुरती ये, तवर करंज्याला ऱ्हा." करंज्याला परत जाणं म्हणजे काय, ते भारतीनं मला शाळेच्या नळापाशी सांगितलं. गणितात ती कच्ची होती. क्लास नाही म्हणजे नापास. नापास म्हणजे पुन्हा पनवेल नाही. आई मच्छी सुकवून विकते, तिच्याबरोबर परात मांडून बसायचं.

"मला सुकटीचा वास आवडतो गं," ती म्हणाली. "वाईट नाय वाटत मला त्याचं. पन जन्मभर तोच एक वास नको."

तिनं हे हळू आवाजात सांगितलं. मला तिचा तो हळू आवाज अजिबात आवडला नाही.

त्या रविवारी आत्यानं आम्हाला पोपटीला न्यायचं आधीच कबूल केलं होतं. तिच्या नणंदेचं रोडपालीला घर होतं. शेती गेली होती, भोवती सेक्टर उभे राहत होते, पण घरामागे एक पट्टा अजून उरला होता आणि त्यात वाल लावलेला होता. नाझनीनच्या अम्मीनं तिला सोडलं, कारण दुपारची वेळ होती आणि आत्या स्वतः न्यायला आली होती. वर्षानुवर्षं तिच्याकडूनच मासळी घेतलेली. तेवढा विश्वास होता.

त्या दुपारी मी पहिल्यांदा पोपटी लागताना पाहिली. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. चिकन हलालचं नव्हतं, म्हणून नाझनीनसाठी ते न घालता वेगळं लहान मडकं. ते मातीत उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. जाळ उंच गेला, आमचे चेहरे तापले, पाठी मात्र गारच. शेजारची बारकी मुलं नाचत होती. आम्ही तिघी मात्र सुतकात बसल्यासारख्या बसलो होतो.

आत्यानं काठीनं जाळ सारखा केला. भारती एकदम म्हणाली, "आत्या, तू पहाटे बंदरावर जातेस मासळी आनायला. काळोखच असतो ना?"

"असतो की."

"तुला भ्या नाय वाटत?"

"एकटी थोडीच जाते? आमी धा-बारा जनी असतो."

"आनि कोन काय बोललं तर?"

आत्या हसली. "आमच्या तोंडाला कोन लागंल? अगो, आमचा आवाज आमच्या आधी जेटीवर पोचतो. लोकांना कलतं, आल्या बाया."

भारतीनं माझ्याकडे पाहिलं. नाझनीननं भारतीकडे पाहिलं. मला वाटतं, आमचं सगळं तिथेच ठरलं. जाळ बसला. आत्यानं मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्रकन उडालं, म्हणजे झालं. कागदावर शेंगा ओतल्या. वाफ, धूर, ओवा, आणि आतला वालाचा दाणा लोण्यासारखा. आम्ही बोटं भाजेपर्यंत खाल्लं आणि खाताखाता आत्यासमोर बेत मांडला. क्लासमधल्या त्या बाजूला राहणाऱ्या सगळ्या मुलींनी एकत्र यायचं. एकीनंही मागे राहायचं नाही. आणि गप्प राहायचं नाही. सबंध रस्ताभर मोठ्यानं पाठांतर म्हणायचं.

"काय म्हनायचं?" आत्यानं विचारलं.

"पाठांतर. सूत्रं, व्याख्या. परीक्षेचं."

आत्यानं हातातली शेंग सोलून दाणे तोंडात टाकले. मग म्हणाली, "म्हंजे दोन कामं होतील."

घरच्यांना पटवायला तीच आली. दुसऱ्या दिवशी मार्केट आटोपून, टोपली फाटकाशी ठेवून, जिना चढून. आधी नाझनीनच्या घरी गेली. मग तिच्या अम्मीला घेऊनच आमच्याकडे. आईनं खुर्ची पुढे केली. आत्या खाली बसली आणि पदरानं तोंड पुसून सरळ बाबांनाच म्हणाली, "भाऊ, राग नका मानू. तुमी तुमची पोर घरात बसवली. हिनं हिची बसवली. मीबी तेच करत व्हते. त्या गाडीवरच्या पोरांना कोनी घरात बसवलं का?"

बाबांच्या कपाळावर नेहमी काम करताना पडते तशी आठी पडली. नाझनीनची अम्मी हळूच म्हणाली, "मुलगी रोज रात्री वही उशाशी घेऊन झोपते हो. मला बघवत नाही."

"आठवडाभर बघू," बाबा शेवटी म्हणाले. "मी गॅलरीत उभा राहीन."

पहिल्या संध्याकाळी आम्ही आठ-नऊ जणी गिरणीच्या ओट्यापाशी जमलो. दोघींना त्यांच्या घरच्यांनी सोडलं नव्हतं. त्या पुढच्या आठवड्यात आल्या. सुरुवात कोणी करायची? मी घसा साफ करून "ए अधिक बी, कंसाचा वर्ग" म्हटलं, तर ते इतकं केविलवाणं निघालं की भारती फुटून हसली. किती तरी दिवसांनी.

"असं नाय. पोटातून काढ. गळ्यातून काढलास तर घसा बसंल. हे बघ." आणि तिनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून, कंबरेवर हात ठेवून, लिलावाला जसे पुकारतात तशी, ओढून, लयीत, ते सूत्र पुकारलं. ए-चा वर्ग जणू सुरमईचा वाटा होता. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या.

आम्ही सगळ्या तिच्यामागून ओरडलो. पहिल्यांदा लाजत, मग हसत, मग खरंच पोटातून. आम्ही न्यूटनचे नियम म्हटले. आम्लं आणि आम्लारी म्हटली. संस्कृत सुभाषितं लिलावाच्या चालीवर म्हटली. मला आठवतं, मोकळ्या प्लॉटांपाशी पोचलो तेव्हा माझे पाय थांबू पाहत होते, पण तोंड चालू होतं. तोंड चालू असलं की पाय थांबत नाहीत, हे मला तिथे कळलं. गॅलरीत बाबा उभे होते. काळोखात त्यांचा फक्त पांढरा सदरा दिसत होता.

चार-सहा दिवसांत तो रस्ता आम्हाला ओळखू लागला. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त आजोबा राहायचे. आम्ही खालून जाताना ते गॅलरीत येऊन बसायचे आणि चुकलं की वरून ओरडायचे, "ओहमचा नियम पुन्हा म्हणा! तापमान स्थिर असताना हे कोण म्हणणार?" आम्ही खाली थांबून पुन्हा म्हणायचो. मग त्यांनी गॅलरीला मोठा दिवा लावून घेतला. दुसऱ्या एका बाईनंही लावला. माझी आई आणि नाझनीनची अम्मी पाय मोकळे करायच्या निमित्तानं खाली उतरू लागल्या, त्यांच्याबरोबर आणखी दोघी-तिघी. ज्या रस्त्यावर सातनंतर बाई दिसत नव्हती, तिथे बायका मेथीची जुडी निवडल्यासारख्या निवांत गप्पा मारत चालू लागल्या.

भारतीची नक्कल करणाऱ्या मुली आता तिच्याकडून आवाज काढायला शिकत होत्या. वर्गात ती पुन्हा हात वर करू लागली. "सर, मला हे नाय समजलं," असं ठणठणीत विचारायची. तिला समजेपर्यंत सर सांगायचे, आणि खरं तर ते आम्हा निम्म्या जणींनाही तेव्हाच समजायचं.

संक्रांतीच्या सुमाराला ती मोटारसायकल पुन्हा आली.

आवाजावरूनच आम्ही ओळखली. पाठांतर विस्कटलं. एकेक आवाज गळत गेला. भारतीचाही. गाडी मंद होत आमच्या मागे आली, पुढे गेली, वळून समोर थांबली. मागच्यानं काही तरी म्हटलं, त्यातला "म्हणा की, म्हणा" एवढेच शब्द मला ऐकू आले. दिव्याचा झोत आमच्या डोळ्यांवर होता.

तेव्हा नाझनीन पुढे झाली. तिनं डोळ्यांवर हात धरला, बाजूला सरकून झोताच्या बाहेर आली, वाकून पाहिलं आणि गाडीचा नंबर वाचला. मोठ्यानं. एकेक अक्षर, एकेक आकडा, बाईंनी श्रुतलेखन घालावं तसा. जिचं उत्तर सरांना वाकून ऐकावं लागायचं, तिचा तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. भारतीनं तो लगेच उचलला आणि पुकारला. मग आम्ही सगळ्यांनी. नंबर पूर्ण झाला की पुन्हा पहिल्यापासून. गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली. आजोबांनी वरून ओरडून विचारलं, "कसला नंबर?" आणि नाझनीननं वर पाहून सांगितलं, "ज्यांनी माझी ओढणी फाडली, त्यांचा!"

मग गाडी भरकन वळली. बाबा पायात चप्पल न घालता जिना उतरून आले होते. तोवर गाडी गेली होती. पण नंबर सगळ्या इमारतीला पाठ झाला होता.

बाबा, आजोबा आणि नाझनीनचे अब्बू दुसऱ्याच दिवशी पोलीस चौकीवर गेले. मुलं जवळच्याच वस्तीतली निघाली. आईबापांना बोलावलं, समज दिली गेली. पुढे ती गाडी आमच्या रस्त्यावर दिसली नाही. तो नंबर मला अजून येतो. भांडी घासताना कधी तरी तो आपोआप ओठांवर येतो, पाढ्यासारखा.

याचा अर्थ सगळं बदललं असा नाही. त्यानंतरही मी कितीदा तरी रस्ता बदलला आहे, पर्स छातीशी धरली आहे, मागच्या पावलांचा कानोसा घेतला आहे. खांबांवर दिवेसुद्धा लागले ते आमची परीक्षा संपल्यावर. पण पंधराव्या वर्षी मला एक गोष्ट अंगानं कळली होती, पुस्तकातून नव्हे. भीती एकटीची असते तेव्हा ती मोठी असते, आणि आपल्याला गप्प राहायला शिकवलं गेलं म्हणजे आपल्याला आवाज नाही असं नव्हे. त्या दोन गोष्टींवर मी पुढची बरीच वर्षं काढली आहेत.

भारती पास झाली. गणितात अगदी काठावर, पण पास. निकालाच्या दिवशी तिचे वडील करंज्याहून आले. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले पापलेट त्यांनी पाटकर सरांच्या टेबलावर ठेवले आणि शाकाहारी असलेले सर कसेबसे म्हणाले, "वा, ताजे आहेत!" भारती पुढे आत्याकडेच राहून शिकली. आता ती उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात शिफ्टची प्रमुख आहे. तिच्या हाताखाली चाळीशीतले बाप्ये काम करतात आणि क्रेनच्या आवाजात तिला माईक लागत नाही, असं ती अभिमानानं सांगते. शिफ्ट संपली की स्कूटरवरून एकटी घरी येते. नाझनीनचं पनवेलला औषधांचं दुकान आहे. ती आजही हळूच बोलते. पण एखादा उधळून बोलू लागला की ती चष्म्यावरून अशी पाहते, की त्याला आपलंच बोलणं ऐकू यायला लागतं.

मला त्या हिवाळ्यातली सगळ्यात जास्त आठवते ती क्लासची शेवटची संध्याकाळ. फेब्रुवारी संपत आला होता. सरांनी सगळ्यांना पेढा दिला, पेनं दोन-दोन न्या म्हणून बजावलं, आणि आम्ही जिना उतरून खाली आलो तर बाहेर उजेड होता. साडेसहा वाजले होते आणि सूर्य अजून इमारतींच्या मधून दिसत होता. दिवस वाढत गेले होते आणि पाठांतराच्या नादात आमच्या ते लक्षातच आलं नव्हतं. मोकळ्या प्लॉटवरचं गवत वाळून सोनेरी झालं होतं. त्यात कुठे तरी काटेसावरीला लालभडक फुलं आली होती. ते झाड तिथे होतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. इतके दिवस त्याच्या शेजारून आम्ही जाताना घाईत आणि येताना काळोखातून गेलो होतो.

ओरडायची काही गरज नव्हती. एकत्र जायचीही नव्हती. तरी कोणी पुढे गेलं नाही. भारती म्हणाली, "स्टेशनकडनं जाव या आज. लांब पडंल, पडू दे." आणि आम्ही सगळ्या वळलो, हातात हात अडकवून, रस्त्याची रुंदी भरून, कसलंही पाठांतर न म्हणता, नुसत्या बडबडत.